यंदाच्या गणपतीत रानाचा सौदा करू नका

चाकरमानी मंडळींनो, गणपतीला गावी आलात की एक कागद तुमच्यापुढे येईल. संमतीपत्र असेल, कुलमुखत्यारपत्र असेल, नाहीतर नुसतंच 'इथे सही कर, बाकीचं मी बघतो' असेल. आणणारा परका नसेल. चुलता असेल, चुलतभाऊ असेल, वाडीतलाच कुणी ओळखीचा असेल. सातबारावर पणजोबांपासून चढत गेलेली तीस-चाळीस नावं वर्षभरात एका छपराखाली येतात ती याच दिवसांत, हे लाकडाच्या व्यापाऱ्याला आणि जमिनीच्या दलालाला पक्कं ठाऊक आहे. भाद्रपदात सह्या गोळा होतात, दसऱ्यानंतर जमीन वाळली की करवती लागतात, आणि शिमग्याला तुम्ही पुन्हा येता तेव्हा डोंगर बोडका झालेला असतो. त्या कागदावर सही करू नका, हे सांगायला हे लिहितो आहे.

भावनेला हात घालणार नाही. हिशेबच मांडतो, कारण रान तुटतं ते हिशेबापायीच.

महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी जंगल म्हटलं की ते वनखात्याचं. सिंधुदुर्गात तसं नाही. इथलं बहुतांश रान खासगी, म्हणजे तुमचंआमचं, सामायिक, वाटण्या न झालेलं. तिलारीच्या खोऱ्यात वाघाचा वावर आहे तो याच रानांच्या आधाराने. २००२ मध्ये कर्नाटकातून दोडामार्गात हत्ती उतरले ते याच रानांतून वाट काढत. दोडामार्ग तालुक्यातल्या बांबर्ड्याला जायफळाच्या कुळातल्या झाडांची दलदल आहे, मायरिस्टिका स्वॅम्प म्हणतात तिला. सरकारने तिला जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केलं ते अलीकडे. त्याआधी पिढ्यान्‌पिढ्या ती राखली गावाने, देवाची राई म्हणून. म्हणजे इथे रान राहायचं की जायचं हे मुंबई-नागपूरच्या फायलीत कमी आणि तुमच्या माजघरात जास्त ठरतं.

आणि माजघरातला हिशेब सरळ आहे. उभ्या रानाचं उत्पन्न शून्य. पडलेल्या रानाचे पैसे हातात, रोख, एकरकमी. किंजळ, ऐन, जांभूळ, बेहडा असं झाड-झाड मोजत कुणी बसत नाही. व्यापारी डोंगर बघून उक्तं रान ठरवतो. इमारती लाकडाची चार चांगली खोडं सोडली तर बाकीचं सगळं जळाऊ म्हणून टनावर जातं, ते वीटभट्ट्यांना, कारखान्यांच्या बॉयलरला, बेकऱ्यांना. तुमच्या खापरपणजोबाच्या काळातलं झाड सरपणाच्या भावाने! ती रक्कम सगळ्या हिस्सेदारांत वाटून तुमच्या एकट्याच्या पदरात काय पडतं, ते एकदा कागद-पेन्सिल घेऊन काढा. बऱ्याच घरांत ती रक्कम गणपतीच्या येण्याजाण्याच्या खर्चाच्या फार वर जात नाही.

हा सौदा आजचा नाही. गिऱ्हाईक बदलत गेलं, एवढंच.

१७३६ मध्ये लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून मुंबईच्या गोदीत आले आणि त्यांच्या घराण्याने पुढे शंभरावर वर्षं सागाची जहाजं बांधली. १८१७ मध्ये मुंबईत पाण्यात उतरवलेली 'ट्रिंकोमाली' ही ब्रिटिश आरमाराची युद्धनौका आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगते आहे, मलबारच्या सागाच्या अंगावर. इंग्लंडातला ओक नेपोलियनच्या लढायांत कमी पडू लागला होता आणि साग ओकहून टिकाऊ. म्हणून १८०६ मध्ये कंपनी सरकारने मलबारात सागावर मक्ता लादला, कॅप्टन वॉटसन नावाच्या अधिकाऱ्याला त्यावर नेमलं. मालकाच्या जमिनीतला साग, पण तोडणार आणि भाव ठरवणार कंपनी. लोक इतके भडकले की १८२३ मध्ये तो मक्ता मोडावा लागला. पण सह्याद्रीतलं झाड कधी पडायचं हे सातासमुद्रापलीकडे ठरण्याची रीत तिथून पडली. १८४७ मध्ये मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक झालेले डॉ. अलेक्झांडर गिब्सन पेशाने शल्यचिकित्सक होते. डोंगर उघडे पडले की ओढे आटतात आणि खाड्या गाळाने भरतात, हे त्यांनी कोकणाबद्दल सरकारला तेव्हाच कळवलं होतं. राजापूरच्या खाडीकाठी राहणाऱ्याला याहून जास्त काय सांगायचं?

जहाजांमागून रेल्वे आली. १८५३ मध्ये मुंबई-ठाणे गाडी धावली. रुळांखाली लाकडी स्लीपर, ते दर काही वर्षांनी बदलायचे. १८७०च्या दशकात देशभरच्या रेल्वेला वर्षाला दहा लाखांवर स्लीपर लागू लागले. १८६४ मध्ये वनखातं निघालं ते झाडांच्या प्रेमाने नव्हे, या स्लीपरांच्या काळजीने. १८७८च्या कायद्याने गावाचे रानावरचे जुने हक्क आवळले. जोतीराव फुल्यांनी १८८३च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये या खात्यावर कोरडे ओढले आहेत, कारण गायरानं आणि कुरणं त्याच्या हद्दीत गडप झाली होती. २५ सप्टेंबर १९३० रोजी उरणजवळ चिरनेरला जंगल सत्याग्रहात गोळ्या चालल्या, माणसं मेली. त्या लोकांना काही झाडं वाचवायची नव्हती, असं एखादा म्हणेल. खरं आहे, त्यांना राब हवा होता, सरपण हवं होतं, गुरांना चरायला जागा हवी होती. पण राब आणि सरपण घेणारा माणूस रान संपवत नाही, कारण पुढच्या वर्षी त्याला तेच पुन्हा लागणार असतं. रान संपवतं ते एकदाच येणारं गिऱ्हाईक.

स्वातंत्र्यानंतर खोती गेली, जमीन आपल्या नावावर आली. मग ३० ऑगस्ट १९७५ पासून खासगी वने संपादनाचा कायदा लागू झाला. हेतू रान वाचवण्याचा. पण घराघरांत त्यातून शिकवण उलटीच घेतली गेली: रान राखलं तर सरकार घेईल, तोडलं तर जमीन मोकळी राहील. पन्नास वर्षं झाली, ही भीती अजून गेलेली नाही. सातबारावर 'वन' हा शब्द दिसला की आजही माणूस हबकतो. माझ्या मते कोकणातली कितीतरी झाडं कुऱ्हाडीआधी या भीतीनेच पडली.

हापूसला लाकडी पेटी लागायची, तीही याच रानातून यायची. १९९० पासून रोजगार हमीतून फळबाग योजना आली, शंभर टक्के अनुदानाची. चांगली योजना होती. तिने कोकणात पैसा आणला, घरांवर कौलांच्या जागी स्लॅब आणला, मुलांना शिकवलं. ते नाकारणं कृतघ्नपणाचं होईल. मात्र कागदावर वरकस आणि पडीक म्हणून ज्या जमिनी होत्या, त्यांतल्या कित्येकींवर भरलेलं रान होतं, आणि ते साफ केल्याशिवाय कलम लागत नव्हतं. पुढे काजूने तेच केलं. आता आफ्रिकेतली काजू बी जहाजाने उतरली की आपल्या बीचा दर पडतो आणि आपण रास्ता रोको करतो.

रबराची गोष्ट जरा सावकाश सांगायला हवी, कारण ती आपल्या डोळ्यांदेखत झाली. केरळात जमीन महागली तसे तिथले मळेवाले दोडामार्ग, सावंतवाडीकडे आले. आपल्याला डोंगराची किंमत ठाऊक नव्हती, त्यांना होती. चाकरमान्यांच्या सह्या मिळवून सामायिक डोंगर विकले गेले. एकरी मिळालेले पैसे तेव्हा मोठे वाटले. रान उभं जाळून, मुळासकट उखडून तिथे टप्पे पाडले आणि रबर लावलं, मधल्या वर्षांत अननस. २०११ मध्ये रबर किलोला २४०च्या घरात गेलं होतं. जगात मोटारी वाढत होत्या, चीनला टायर हवे होते. रबराचं झाड चीक द्यायला सहा-सात वर्षं घेतं. म्हणजे तो भाव बघून ज्यांनी झाडं लावली त्यांचा चीक बाजारात यायच्या आधीच, २०१६च्या सुरुवातीला, भाव शंभराच्या खाली आला होता. मळेवाल्याचं नुकसान झालं, ते तो पुढे भरून काढेल, त्याच्यापाशी दुसरा मळा आहे. तुमचा डोंगर मात्र परत येणार नाही.

खनिजाचंही असंच. चीनच्या पोलाद कारखान्यांची भूक वाढली तशी गोव्यातून वर्षाला पाच कोटी टनांच्या आसपास खनिज जाऊ लागलं. ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिथल्या खाणी थांबवल्या. आपल्या बाजूला कळण्याला जुलै २०२१ मध्ये खाणीचा बांध फुटला आणि लाल चिखल बागायतीत शिरला. आता गिऱ्हाईक प्लॉटवाला आहे. जानेवारी २०२३ पासून मोपाच्या विमानतळावर विमानं उतरू लागली. वर्ध्याजवळच्या पवनारहून पत्रादेवीपर्यंत ८०२ किलोमीटरचा शक्तिपीठ महामार्ग आखला गेला. रस्ता होईल तेव्हा होईल, दलाल आधी पोचला आहे. 'जंगल साफ करून द्या, मग भाव देतो' ही त्याची अट असते, कारण झाडं असलेल्या जमिनीवर कायदे लागतात आणि मोकळ्या जमिनीवर बंगला.

इथे एक फरक नीट लक्षात घ्या. कोकणात रान पूर्वीही तुटायचं. बाप तोडायचा, पंधरा-वीस वर्षांत बुंध्यांना फुटवे येऊन रान पुन्हा उभं राहायचं, मुलगा तोडायचा. फार चांगली पद्धत होती असं म्हणत नाही, जुनं घनदाट रान तिनेही विरळ केलं. पण खोड जमिनीत शाबूत असायचं. कुऱ्हाडीनंतर रान परत यायचं, जेसीबीनंतर येत नाही. बुंधे उपटले, मातीचा वरचा थर ढकलला, जांभा उघडा पडला की पहिल्या दोन पावसांत जे उरलं ते ओढ्यात जातं. तुमच्या वडिलांनी सही केली होती ती झाडांवर. आज तुमच्याकडून मागतात ती सही जमिनीच्या पुढच्या शंभर वर्षांवर आहे. 'बाबांनीपण दिलं होतं की तोडायला' असं सांगणारा भाऊबंद भेटेल, त्याला हे सांगा.

मग करायचं काय, उपाशी राहून रान राखायचं? नाही. आणि तसं सांगणाऱ्या शहरी पाहुण्यांचा मलाही कंटाळा आहे.

गिऱ्हाईकाने पाडलेलं रान गिऱ्हाईकाला अडवूनच वाचतं, हे बाहेर झालेलं आहे. ब्राझीलच्या ॲमेझॉनमध्ये २००४ या एका वर्षात सुमारे २७,७७२ चौरस किलोमीटर जंगल गेलं, गुरांच्या कुरणांसाठी आणि सोयाबीनसाठी. २०१२ मध्ये हा आकडा ४,५७१वर आला. मधल्या काळात उपग्रहावरून पहारा बसला, नव्याने तोडलेल्या जमिनीवरचं सोयाबीन घेणार नाही असं मोठ्या व्यापाऱ्यांनी २००६ मध्ये ठरवलं, आणि २००८ पासून बेकायदा तोड करणाऱ्याला बँकेचं कर्ज अडू लागलं. पुढे सरकारचा धाक सैल झाला, तोड पुन्हा वाढली, २०२१ मध्ये तेरा हजारांवर गेली. म्हणजे एकदा वाचवून भागत नाही, हेही त्यातूनच दिसतं. दुसरं उदाहरण आपल्याला जास्त जवळचं आहे. मध्य अमेरिकेत कोस्टा रिका नावाचा देश आहे, आकाराने महाराष्ट्राच्या सहाव्या भागाएवढा. गोमांसाच्या निर्यातीपायी तिथलं निम्म्याहून जास्त रान गेलं होतं. १९९६च्या कायद्याने त्यांनी रान राखणाऱ्या खासगी मालकाला दरवर्षी पैसे द्यायला सुरुवात केली आणि ते पैसे पेट्रोल-डिझेलवरच्या करातून उभे केले. आज त्या देशाचा निम्म्याहून अधिक भाग पुन्हा रानाखाली आहे. एकट्या या योजनेने हे झालं असं नव्हे, गोमांसाचे भाव पडले, तोडीवर बंदी आली, पर्यटन वाढलं. पण उभ्या रानाचं उत्पन्न शून्य राहिलं नाही, हे महत्त्वाचं.

आपल्याकडे माधव गाडगीळ यांच्या समितीने २०११ मध्येच रान राखणाऱ्याला मोबदला द्या असं सुचवलं होतं. तो भाग कुणी वाचला नाही. 'गाडगीळ आला की घराचं कौल बदलता येणार नाही' एवढंच गावोगाव पसरवलं गेलं. त्यानंतर पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राचे मसुदे २०१४, २०१५, २०१७, २०१८, २०२२ आणि जुलै २०२४ मध्ये निघाले. सहा मसुदे. शेवटच्या मसुद्यात महाराष्ट्राचे १७,३४० चौरस किलोमीटर आहेत. मसुदा निघतो, हरकती जातात, मुदत संपते, आणि दोन मसुद्यांच्या मधल्या काळात तोड जोरात चालते, कारण 'उद्या बंदी येणार आहे, आज विका' हे व्यापाऱ्याला सांगायला बरं पडतं. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये वृक्षतोडीला बंदी घातली आणि २०२४ मध्ये तिथली २५ गावं संवेदनशील जाहीर करा असं बजावलं. तरी करवतीचा आवाज ऐकायला तिथे फार आत जावं लागत नाही. आणि ऑगस्ट २०२४ मध्ये विनापरवाना तोडीचा दंड एक हजारावरून झाडामागे पन्नास हजार करायचं राज्य मंत्रिमंडळाने ठरवलं, तेव्हा ओरड झाली ती आपल्याच कोकणातून. ओरडणाऱ्यांना मी सरसकट लाकूडचोर म्हणणार नाही. अडीनडीला रान हीच ज्याची बँक, त्याला नुसता दंड दाखवून भागत नाही.

म्हणून सरकारकडे मागायचं ते हे: दंड ठेवा, पण उभ्या रानाला एकरी वार्षिक मोबदला द्या. तो भीक म्हणून नको, पाण्याचं बिल म्हणून द्या. तिलारीच्या धरणात जमा होणाऱ्या पाण्याचा मोठा वाटा गोव्याला जातो. ते पाणी ज्या डोंगरांतून झिरपतं त्यांच्या मालकांना त्यातला रुपयाही पोचत नाही. मोठ्या शहराच्या पाणीपट्टीत एक ओळ वाढवली तरी यातला बराच खर्च निघेल. हे मागणं आपल्या आमदारांपुढे, खासदारांपुढे लेखी ठेवा. आणि सोबत ही हमीही मागा, की मोबदला घेतला म्हणून जमीन संपादनात जाणार नाही. १९७५ची भीती गेल्याशिवाय कुणी पुढे येणार नाही.

तोवर आपल्या हातात आहे ते करू. घरात आजारपण आहे, लग्न आहे, छप्पर गळतं आहे आणि रानावाचून दुसरं काही विकण्यासारखं नाही, तर सरसकट तोड देऊ नका, झाडं निवडून द्या. वनखात्याकडे मालकी प्रकरण करूनच द्या. नाल्याकाठची आणि उतारावरची झाडं वगळा, जुने बेहडे आणि वड-उंबर वगळा. करारात एक ओळ घाला: बुंधे उपटायचे नाहीत, रानात जेसीबी घालायचा नाही. व्यापारी ही ओळ नाकारत असेल तर त्याला लाकूड नको आहे, जमीन हवी आहे, हे ओळखा. कुलमुखत्यारपत्र कुणालाही, सख्ख्या भावालासुद्धा, विक्रीच्या अधिकारासह देऊ नका. सामायिक जमिनीत एका हिस्सेदाराने लेखी हरकत घेतली तरी व्यवहार अडतो, आणि दलाल कज्ज्याच्या जमिनीपासून लांब राहतो. भाऊबंदकीने आपली पुष्कळ घरं बुडवली, एकदा तरी तिचा उपयोग होऊ द्या.

देवराईबद्दल एक कडू गोष्ट. जीर्णोद्धाराच्या वर्गणीत कमी पडलं की राईतली दोन झाडं काढायचं अलीकडे सर्रास ठरतं, आणि ठरवणारे बऱ्याचदा मुंबई मंडळाचे असतात. कौलारू देऊळ पाडून तिथे सिमेंटचं शिखर उभं करायला देवाचंच रान विकायचं, हे कुठल्या देवाला कौल लावून विचारलंत? तो पैसा तुमच्या पगारातून द्या, नाहीतर शिखर लहान बांधा.

पुण्या-मुंबईहून इथे दुसरं घर घेणाऱ्यांनाही एक विनंती. माहितीपत्रकात 'निसर्गाच्या कुशीत' असं लिहिलं असेल. त्या जागेचा पाच वर्षांपूर्वीचा उपग्रहावरचा फोटो फोनवर दोन मिनिटांत दिसतो. तो बघा. तिथे रान दिसलं आणि आज टप्पे दिसले, तर ते घर घेऊ नका. घेणारा नसेल तर पुढचा डोंगर साफ होणार नाही.

आता तारखांचं बोलू. गणपतीत सगळे हिस्सेदार एकत्र असताना एक बैठक घ्या, आरती झाल्यावर, पत्ते काढायच्या आधी. आपलं सामायिक रान किती गुंठे, कुणाची किती नावं, मयतांचे वारस लागलेत का, एवढं लिहून काढा आणि पाच वर्षं सरसकट तोड नाही असा साधा करार सगळ्यांच्या सह्यांनी करा. सही करायचीच तर त्या कागदावर करा. त्यानंतर २ ऑक्टोबरची ग्रामसभा येते. तुमचं मतदान मुंबईत असेल तर तुम्हाला तिथे हात वर करता येणार नाही. पण गावात राहणारी तुमची वहिनी, काकी, पुतण्या जाऊ शकतात. ज्यांना उन्हाळ्यात झऱ्यावर दोन हंड्यांसाठी थांबावं लागतं त्या बायकांना आधी पाठवा. ठराव दोनच ओळींचा असू दे: गावाच्या हद्दीत पाणवठ्यावरच्या रानात सरसकट तोड आणि जेसीबी चालणार नाही, आणि उभ्या रानाला मोबदला मिळावा. ठरावाची प्रत तहसीलदारांना आणि वनक्षेत्रपालांना पोच घेऊन द्या, पोच जपून ठेवा. दसऱ्याच्या आत हे झालं पाहिजे, कारण दसऱ्यानंतर करवती लागतात.